जुनं मनगटी घड्याळ घेण्याआधी: सांगली-साताऱ्याकडच्या नवख्यांसाठी

"ऑनलाइन एक एचएमटी पायलट दिसतंय, केशरी डायल, एकदम नवं कोरं. घेऊ का?" जुन्या घड्याळांचा नाद नुकताच लागलेल्या माणसाचा पहिला फोन बहुतेक वेळा असाच असतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: घेऊ नका. पायलट हे मॉडेल ओळखलं जातं ते काळ्या डायलसाठी. आणि चाळीसेक वर्षांचं घड्याळ कालच कारखान्यातून आल्यासारखं दिसत असेल, तर बहुधा ते कालच कुणीतरी रंगवलेलं असतं.

पुढचं सगळं वाचायचा कंटाळा आला तर एवढंच घेऊन जा: जुन्या घड्याळात पैसे डायलचे मोजायचे. मशीन बिघडलं तर दुरुस्त होतं, काच शंभर-दोनशेत बदलून मिळते, पट्टा तर बदलायचाच असतो. डायल मात्र एकदा पुसून पुन्हा छापली की मूळ परत येत नाही. तेव्हा रापलेली, थोडी पिवळी पडलेली, पण मूळ डायल असलेलं घड्याळ घ्या आणि चकचकीत रंगवलेलं सोडून द्या.

१. बाजारात जाण्याआधी घरातलं कपाट उघडा

आपल्या भागात जुनी घड्याळं भरपूर आहेत, फक्त ती विकायला ठेवलेली नाहीत. साखर कारखाना, एस.टी., हायस्कूल, जिल्हा परिषद, कुठूनही माणूस निवृत्त झाला की शाल-श्रीफळाबरोबर घड्याळ मिळायचं. लग्नात जावयाला घड्याळ घालायची रीत होती. सातारा जिल्ह्यात तर फौजेतल्या माणसांची घरंच्या घरं; अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात पिढ्यानपिढ्या लोक सैन्यात. अशा घरांतल्या ट्रंकेत वेस्ट एंडचं 'सोवार प्राइमा' किंवा एचएमटीचं 'जवान' पडलेलं असू शकतं, आणि घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

आजोबांचं घड्याळ सापडलं की पहिला मोह होतो चावी भरून मनगटावर बांधायचा. दोन-चार फेरे देऊन टिकटिक येते का बघायला हरकत नाही. पण ते तसंच रोज वापरायला काढू नका. आतलं तेल वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि कोरड्या मशीनमध्ये बारीक चाकांची टोकं झिजतात. आधी घड्याळजीकडे न्या, मग बांधा.

दुसरा मोह घासूनपुसून चमकवायचा. ब्रासो तर अजिबात नको. मऊ कोरड्या कापडाने वरची धूळ पुसा, तेवढं पुरे.

आणि घरात कुणी जाणतं असेल तर विचारून घ्या: "आजी, हे कुणाचं? कधी घेतलं? मिरजेत घेतलं की मुंबईहून आणलं?" जे कळेल ते तारखेसकट लिहून ठेवा. मागच्या झाकणावर 'सेवानिवृत्तीनिमित्त सप्रेम भेट' असं कोरलेलं असेल तर बाजारात भाव थोडा कमी येतो म्हणतात. मी अशी घड्याळं उलट आवडीने घेतो, कारण कोरलेलं साल हा फुकटात मिळालेला पुरावा असतो.

२. काय काय मिळतं ते ओळखून घ्या

आपल्याकडे सर्वांत जास्त सापडतं एचएमटी. हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ची. बेंगळुरूला घड्याळांचा कारखाना १९६१ साली सुरू झाला, जपानच्या सिटिझनच्या सहकार्याने. म्हणून सुरुवातीच्या काही घड्याळांवर एचएमटीबरोबर सिटिझनचंही नाव दिसतं. जनता, पायलट, कोहिनूर, सोना ही हाताने चावी द्यायची. कांचन हे ऑटोमॅटिक, म्हणजे मनगटाच्या हालचालीने आपोआप चावी भरणारं, वार आणि तारीख दाखवणारं. पुढे १९८४ मध्ये टायटन कंपनी स्थापन झाली, १९८७ मध्ये तिची क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर चालणारी घड्याळं बाजारात आली आणि चावीच्या घड्याळांचे दिवस फिरले. २०१६च्या जानेवारीत केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर लोकांना अचानक त्या घड्याळांची आठवण यायला लागली, भाव चढले आणि डायल रंगवणाऱ्यांचाही धंदा वाढला.

दुसरा गट स्विस. फेवर-ल्युबा ही १७३७ची पेढी, मुंबईत तिचा व्यापार एकोणिसाव्या शतकापासून. 'सी चीफ' आणि 'सी किंग' ही तिची नावं आपल्याकडच्या जुन्या लोकांच्या तोंडी आजही आहेत. त्याशिवाय वेस्ट एंड, रोमर, कॅमी, हेन्री सँडोझ, टिटोनी. तिसरा गट जपानी: सिको ५, सिटिझन, रिको. हैदराबादच्या ऑल्विननेही सिकोच्या सहकार्याने घड्याळं काढली होती. ती तुलनेने स्वस्तात सुटतात.

पहिलं घड्याळ म्हणून मी हाताने चावी द्यायचं साधं एचएमटी सुचवतो. जनता किंवा कोहिनूर. ही घड्याळं गावोगावच्या घड्याळजींच्या हाताखालून गेलेली आहेत, सुटे भाग अजून मिळतात आणि चूक झालीच तर खिशाला भगदाड पडत नाही. स्विस ऑटोमॅटिकने सुरुवात केलेली माणसं मी बघितली आहेत. एका सुट्या भागासाठी ती महिनोन्महिने फोन करत बसतात.

३. जवळ ठेवायची हत्यारं

फार काही लागत नाही:

- दहा पट मोठं दाखवणारं भिंग. घड्याळजी डोळ्याला लावतात ते किंवा सोनाराकडचं घडीचं भिंग, दोन्ही चालतं. हे नसेल तर बाकीचं घेऊच नका.
- छोटी टॉर्च. मोबाइलची चालते, पण प्रकाश तिरपा पाडता आला पाहिजे.
- मिलिमीटरची पट्टी किंवा व्हर्निअर. पट्टा बसतो त्या दोन कानांमधलं अंतर मोजायला. जुन्या घड्याळांत ते बहुतेक १६ ते १८ मिमी असतं.
- पट्ट्याची पिन काढायचं टोकदार हत्यार.
- मऊ सुती कापड.
- वही.

झाकण उघडायची सुरी सुरुवातीला घेऊ नका. दाबून बसवलेलं झाकण उघडताना सुरी सटकली की एक तर केसवर, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या कवचावर ओरखडा जातो, नाही तर अंगठ्यावर. झाकण घड्याळजीकडून उघडून घ्या. ओळख झाली की तो त्याचे पैसेही घेत नाही.

४. डायल वाचायला शिका

या टप्प्याला वेळ द्या. भिंग डोळ्याला लावा, टॉर्च बाजूने धरा आणि पुढच्या जागा एकेक करून बघा.

*अक्षरं.* कंपनीची छपाई भिंगाखालीही धारदार दिसते. अक्षराची कड स्वच्छ, शाई सगळीकडे सारखी. पुन्हा छापलेल्या डायलवर '१७ ज्वेल्स'सारखी बारीक अक्षरं फुगलेली असतात, इंग्रजी 'ई'च्या दांड्या एकमेकींना चिकटतात, ओळ किंचित तिरकी जाते. कधी कधी तर स्पेलिंगच चुकलेलं असतं.

*मिनिटांच्या रेघा.* कडेने फिरत जा. प्रत्येक रेघ केंद्राकडे रोखलेली पाहिजे, आणि तासाच्या खुणेसमोरची रेघ बरोबर तिच्या मध्यावर. रंगवलेल्या डायलवर चार-पाच वाजण्याच्या आसपास रेघा सरकू लागतात आणि सहावर पोचेपर्यंत उघड दिसतं.

*तळाची ओळ.* सहाच्या आकड्याखाली, अगदी कडेला, बारीक अक्षरं असतात: देशाचं नाव, काही घड्याळांवर मॉडेलचा क्रमांक. रंगवणारे ही ओळ बहुतेक वेळा गाळतात किंवा जाड छापतात. माझी नजर पहिली तिथे जाते.

*तारखेची खिडकी.* मूळ डायलमध्ये खिडकीची कड नीट कापलेली असते. नंतर फासलेल्या रंगाचा थर तिथे गोळा होतो. तिरप्या उजेडात ती जाडी लगेच कळते.

*काट्यांचा आणि डायलचा मेळ.* डायल रापलेली आणि काटे नवे चकाकते, किंवा उलट, तर दोन घड्याळांचं एक केलेलं असण्याची शक्यता धरा. अशी जोडघड्याळं बाजारात खूप आहेत. चालतात छान, पण मूळच्या भावाने घ्यायची नाहीत.

भडक रंगांत पुन्हा छापलेल्या घड्याळांना संग्राहकांत 'मुंबई स्पेशल' म्हणतात. सिको ५ आणि पायलट यांची तर नारिंगी, पोपटी, आकाशी, सगळी रूपं मिळतात. देवनागरी आकड्यांच्या 'जनता'लाही हाच रोग. मूळ देवनागरी जनता खरोखर होती, म्हणूनच तिच्या नकला जास्त. एखाद्याला तसलं घड्याळ दिसायला आवडलं आणि पाच-सातशेत मिळालं तर खुशाल घालावं. तक्रार आहे ती 'ओरिजिनल' म्हणून तिप्पट पैसे मागणाऱ्याबद्दल.

सिकोबद्दल एक उपयोगाची गोष्ट. मागच्या झाकणावर आडव्या रेघेने जोडलेले दोन आकडे असतात, उदाहरणार्थ ७००९ आणि पुढे चार आकडे. पहिले चार म्हणजे मशीनचा क्रमांक. डायलच्या तळाशीही मशीनचा क्रमांक असतो; तो जुळायला हवा. शिवाय झाकणावर अनुक्रमांक असतो. त्याचा पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक आणि दुसरा महिना सांगतो. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ओ, एन, डी ही इंग्रजी अक्षरं. ४७ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे चारवर संपणाऱ्या सालातला जुलै. दशक कोणतं ते मॉडेलवरून ठरवायचं.

आणि एक धोका. १९६०च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांसाठी रेडियम वापरत. आज ते आकडे चमकत नाहीत म्हणून रेडियम संपलं असं समजू नका. चमकणारं रसायन थकलेलं असतं, पण रेडियमचं अर्धं आयुष्य सुमारे १६०० वर्षांचं आहे. असं घड्याळ काच बंद ठेवून बाळगायला घाबरायचं कारण नाही, पण डायल उघडून तो तपकिरी रंग खरवडू नका, त्याची भुकटी श्वासात जाता कामा नये. नंतर ट्रिटियम आलं, त्याचं अर्धं आयुष्य जेमतेम १२ वर्षांचं. स्विस घड्याळाच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना इंग्रजी 'टी' दिसला तर ते ट्रिटियम. अशा जुन्या डायलवरचे काटे अंधारात हिरवेगार पेटत असतील, तर काट्यांना नंतर रंग भरलाय.

५. मशीन तपासा

विक्रेत्यासमोर करायच्या गोष्टी या क्रमाने करा.

चावी सावकाश भरा. दहा फेऱ्यांच्या आत घड्याळ हातात न हलवता आपोआप सुरू झालं पाहिजे. झटका देऊन सुरू होणाऱ्या घड्याळाला सर्व्हिसिंग लागणार, तो खर्च भावातून वजा करा. हाताने चावी द्यायच्या घड्याळात शेवटी घट्ट थांबा लागतो, तिथे जोर लावायचा नाही. चावी कितीही फिरवा, थांबाच येत नसेल तर मेन स्प्रिंग तुटलेली असू शकते. ऑटोमॅटिकमध्ये मात्र थांबा न येणं हेच बरोबर, आणि सिकोच्या ७००९सारख्या मशीनला हाताने चावी भरताच येत नाही. ते हलवूनच सुरू करायचं.

चावी बाहेर ओढा, काटे फिरवा. तास-मिनिट एकमेकांना घासत नाहीत ना बघा. तारीख रात्री बाराच्या आसपास बदलते का बघा. ओढलेली चावी हातात निघून आली तर घाबरू नका, हे बऱ्याचदा किरकोळ असतं. पण दांडीवर तांबडा गंज दिसला तर पुढचा सहावा टप्पा वाचा.

मग घड्याळ पाठीवर ठेवा, मोबाइलशी वेळ जुळवा, चहा प्या. नंतर पालथं घालून पुन्हा तेवढाच वेळ. दोन्हींत मोठा फरक पडत असेल तर बॅलन्सची, म्हणजे आतल्या डोलणाऱ्या चाकाची टोकं झिजलीत किंवा आत घाण आहे. दिवसाला अर्धा मिनिट मागेपुढे हे जुन्या घड्याळाला मी माफ करतो. तासाला मिनिटं पुढे पळत असेल तर बिघाड असेलच असं नाही, चुंबकत्व लागलेलं असू शकतं. स्पीकर, मोबाइलचं चुंबकी कव्हर, पर्सचं बटण, कशानेही लागतं. घड्याळजी एका मिनिटात ते काढतो.

मोबाइलच्या माइकवर टिकटिक ऐकून वेग सांगणारी अ‍ॅप आहेत. शांत खोलीत ती बऱ्यापैकी काम देतात. एचएमटीची चावीची मशीनं तासाला १८,००० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला पाच. अ‍ॅपमध्ये तो आकडा निवडा. बाजारातल्या गोंगाटात त्याचा काही उपयोग नाही.

'२१ ज्वेल आहे, भारी आहे' या बोलण्याला भुलू नका. ज्वेल म्हणजे चाकांची टोकं ज्यात फिरतात ते कृत्रिम माणकाचे खडे. घर्षण कमी करायला असतात, त्यांना रत्न म्हणून किंमत नाही. हाताच्या चावीच्या घड्याळाला १७ पुरतात. ऑटोमॅटिकला भाग जास्त म्हणून काही खडे जास्त.

शक्य असेल तर झाकण उघडून दाखवायला सांगा. "काका, जरा झाकण उघडून दाखवता का?" एवढं विचारल्यावर जो विक्रेता चिडतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला भिंगातून बघा. जुने घड्याळजी सर्व्हिसिंग केलं की तिथे सुईने तारीख, खूण किंवा स्वतःची आद्याक्षरं कोरून ठेवत. एकाखाली एक तीन-चार खुणा दिसल्या तर घड्याळाला कुणीतरी वेळोवेळी दाखवलेलं आहे. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर आधी अडाणी हात लागलाय.

६. पुरातलं घड्याळ ओळखा

हा टप्पा पुण्या-मुंबईच्या माणसाला लागत नसेल, सांगलीकराला लागतो. २००५, २०१९ आणि २०२१, तिन्ही वेळा कृष्णेचं पाणी शहरात आलं. २०१९ला तर बाजारपेठ आणि घरांचे खालचे मजले कित्येक दिवस पाण्यात. कपाटं बुडाली, त्यांतली घड्याळंही बुडाली. त्यांतली काही आता साफ करून, नवी काच घालून विकायला येतात.

गाळाच्या पाण्याने डायलच्या कडेपासून आत एक लाटेसारखी रेघ उमटते, पेल्यातला चहा वाळल्यावर राहते तशी. उन्हाने किंवा वयाने आलेला पिवळेपणा सगळीकडे हळूहळू पसरलेला असतो, त्याला अशी काठाची रेघ नसते. डायलवर रंगाचे फुगवटे, काट्यांच्या मुळाशी गंजाचे ठिपके, चावीच्या दांडीवर तांबूस भुकटी, झाकणाच्या खोबणीत मातीची बारीक रेघ: यांतल्या दोन खुणा दिसल्या तरी हात मागे घ्या. वरून चालणाऱ्या घड्याळातही आत गंज चालूच राहतो.

असं घड्याळ तुमच्या घरचं असेल तर गोष्ट वेगळी. ते विकून काही मिळणार नाही, पण दुरुस्त करून ठेवता येतं. जे पुढे कधी घड्याळ भिजण्याच्या प्रसंगात सापडतील त्यांच्यासाठी: चावी भरू नका, हेअर ड्रायर लावू नका, उन्हात वाळवू नका. त्याच दिवशी घड्याळजीकडे द्या. पोलादी भागांना गंज चढायला एक रात्र पुरते.

'वॉटर रेझिस्टंट' हे शब्द चाळीस वर्षं जुन्या झाकणावर कोरलेले असले तरी आतला रबरी वायसर केव्हाच वाळलेला असतो. जुनं घड्याळ घालून हात धुतानाही जपा, आणि जुलै-ऑगस्टात गाडीवरून जाताना ते घरीच ठेवा.

७. कुठे घ्यायचं

सर्वांत चांगला स्रोत म्हणजे घड्याळजी. सांगली-मिरजेत, साताऱ्यात, कराडात जुन्या पेठांमधून फिरलात की काचेच्या छोट्या कपाटामागे डोळ्याला भिंग लावून बसलेला एखादा तरी माणूस सापडतो. त्याच्या खणात दुरुस्तीला टाकून कुणी परत न नेलेली घड्याळं असतात. पहिल्याच भेटीत "जुनं काही आहे का विकायला?" असं विचारू नका. आधी स्वतःचं एखादं घड्याळ दुरुस्तीला द्या, पट्टा बदलून घ्या, ओळख होऊ द्या. मग तोच फोन करतो.

पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. मुंबईचा चोर बाजार प्रसिद्ध आहेच. दोन्हीकडे सकाळी लवकर जा, भिंग खिशात ठेवा आणि सांगितलेल्या भावाच्या निम्म्यापासून बोलायला सुरुवात करा. तिथे परत द्यायची सोय नसते.

ऑनलाइन घेताना चार फोटो मागा: डायल समोरून आणि काच काढल्यासारखी जवळून, मागचं झाकण, उघडलेलं मशीन, चावीची बाजू. मशीनचा फोटो द्यायला टाळाटाळ म्हणजे व्यवहार संपला. 'न्यू ओल्ड स्टॉक', म्हणजे जुना पण न वापरलेला माल, असं लिहिलेल्या शंभरांपैकी खरं किती याचा हिशेब करत बसू नका, खोटंच समजून चाला. जुना स्टिकर छापून घेणं अवघड नाही.

'सोन्याचं' घड्याळ हा वेगळा सापळा. बहुतेक घड्याळांवर सोन्याचा फक्त मुलामा असतो, स्विस घड्याळांवर त्याची जाडी मायक्रॉनमध्ये कोरलेली दिसते. १८ कॅरेटच्या भरीव केसवर ७५० हा आकडा पाहिजे. शंका आली तर सोनाराकडे तपासा, विक्रेत्याच्या शब्दावर नको.

खऱ्या घड्याळाची खूण बघायची हौस असेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसने बेंगळुरू गाठा. जलाहळ्ळीला एचएमटीचं हेरिटेज सेंटर आहे, तिथे जुनी मॉडेलं एकत्र बघायला मिळतात. मूळ डायल कशी दिसते हे एकदा डोळ्यांत बसलं की निम्म्या नकला लांबूनच कळतात.

८. घड्याळजीशी काय बोलायचं

सर्व्हिसिंग म्हणजे मशीन पूर्ण खोलणं, प्रत्येक भाग साफ करणं, पुन्हा जोडून ठरावीक जागी तेलाचा थेंब देणं. पण घाईच्या ठिकाणी अख्खं मशीन पेट्रोलमध्ये बुडवून वर तेल सोडतात. घड्याळ दोन-चार महिने पळतं आणि पुन्हा बसतं. म्हणून आधीच विचारा: "सगळं खोलून करणार ना?" खोलून करणारा माणूस जास्त पैसे आणि जास्त दिवस मागतो. द्या.

देताना तीन गोष्टी स्पष्ट सांगा आणि पावतीवर लिहून घ्या: डायलला हात लावायचा नाही, केसला पॉलिश मारायचं नाही, बदललेला प्रत्येक भाग परत द्यायचा. पॉलिश तर बहुतेक जण न विचारता मारतात, प्रेमानेच, आणि केसच्या धारदार कडा कायमच्या गोल होऊन जातात. काच ओरखडलेली असेल तर जुन्या घड्याळांची काच बहुधा अ‍ॅक्रिलिकची असते. टूथपेस्ट आणि सुती कापडाने ती घरीच बरीचशी साफ होते.

घरी शिवणयंत्राचं तेल घालायचा प्रयोग करू नका.

९. कागदपत्रं

कुणी मागत नाही म्हणून कुणी ठेवत नाही, आणि मग विकताना किंवा घरात वाटणी करताना अडतं. प्रत्येक घड्याळामागे एक पाकीट करा:

- विकत घेतल्याची पावती. दुकानदार देत नसेल तर पैसे यूपीआयने द्या, नोंद राहते.
- अनोळखी माणसाकडून घेताना त्याचं नाव-पत्ता आणि 'हे घड्याळ माझ्या मालकीचं आहे' अशी सहीची दोन ओळींची चिठ्ठी. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून.
- घेतानाचे फोटो: डायल, झाकण, मशीन, अनुक्रमांक.
- सर्व्हिसिंगच्या पावत्या.
- वारशाने आलं असेल तर कुणाचं होतं, कधीचं, हे लिहिलेला कागद.
- परदेशातून मागवलं तर कुरिअरवाले केवायसीसाठी ओळखपत्र मागतात आणि वर कस्टम ड्यूटी बसते. दिसलेल्या किमतीवर भाव ठरवू नका, ड्यूटी धरून ठरवा.

१०. ठेवायचं कसं

हाताच्या चावीचं घड्याळ रोज साधारण एकाच वेळी भरा, सकाळचा चहा होतो तेव्हा सोपं पडतं. भरलेली चावी दीड दिवस टिकते. संग्रहातली बाकीची घड्याळं महिन्यातून एकदा भरून एक दिवस चालू द्या आणि दर चार-पाच वर्षांनी सर्व्हिसिंग करून घ्या. रात्री नऊ ते तीनच्या दरम्यान तारखेची चकती हाताने पुढे ढकलू नका, त्या वेळी आतले दात एकमेकांत अडकलेले असतात आणि प्लास्टिकचा दात असेल तर तुटतोच.

पावसाळ्यात चामडी पट्टे काढून वेगळे ठेवा, नाही तर बुरशी घड्याळापर्यंत पोचते. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, बूट-औषधांच्या खोक्यांतल्या चालतात, मात्र जून लागला की नव्या घाला. नदीकाठच्या भागात राहत असाल तर डबा खालच्या मजल्यावरच्या कपाटात ठेवू नका. आणि पाकिटातल्या फोटोंची एक प्रत मोबाइलशिवाय दुसरीकडे, दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे असली तर उत्तम.